रांगेत शेवटची

“मॅडम, अंगानं चौदा वर्षांची दिसते आणि रडते मात्र धाकट्यासारखी. आमचं काही चुकतंय का?”

चौथी-पाचवीतल्या मुलींच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा शब्द थोडे इकडचे तिकडे असतात, काळजी बहुतेक वेळा हीच असते. म्हणून सईची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला तिच्या आईची परवानगी आहे.

ऑक्टोबरचा उकाडा होता. पंखा पाचवर असूनही सई शाळेचा स्वेटर घालून आत आली. दप्तर पाठीला नव्हतं, पुढे छातीशी कवटाळलेलं. पोक काढून बसली. वय १० वर्षं ४ महिने, इयत्ता पाचवी, उंची १४८ सेंटिमीटर. आई एका दमात सांगत होती: रोज सकाळी पोट दुखतं, शाळेची रिक्षा निघून गेली की थांबतं. उलट बोलते, दार आपटते, खाली खेळायला जात नाही. “आणि एवढी घोडी झाली तरी भावाशी बाहुलीवरून भांडते!” तो शब्द कानावर पडला तसा सईनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळायला घेतला, बोट पांढरं पडेपर्यंत.

आई बाहेर जाऊन बसल्यावर मी तिला शाळेबद्दल विचारलं. फळा पुसायला सई, वरची खिडकी लावायला सई. प्रार्थनेच्या रांगेत शेवटची, वर्गात शेवटचा बाक. मग म्हणाली, “गॅदरिंगमध्ये मला परत जिजाऊच केलंय.” मी पटकन म्हणून गेले, “अरे वा!” ती माझ्याकडे बघत राहिली. “तिसरीपासून मी जिजाऊच आहे. शिवबा माझी मैत्रीण असते, ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे. सगळे तलवारी घेऊन पळतात. मी बसून असते.”

पोटदुखीचा धागा मला तिथे सापडला. दहा वर्षांच्या मुलीला गेली दोन वर्षं सगळ्यांनी मोठ्या बाईचं काम देऊन ठेवलं होतं, रंगमंचावर आणि घरातही.

शरीर, मन आणि मैत्री एका वेगानं वाढत नाहीत. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वयात यायला लागलं की हा वेग एकदम चढतो, आणि मुलींमध्ये तो मुलांपेक्षा दीड-दोन वर्षं आधी चढतो. म्हणून पाचवी-सहावीच्या फोटोत मुली उंच दिसतात आणि नववीच्या फोटोत चित्र पालटलेलं असतं. पण रागावर ताबा ठेवणारा, मागचा-पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तयार व्हायला विशी उलटावी लागते. उंची वाढली म्हणून समज तेवढ्याच इंचांनी वाढत नाही. त्यात सात-आठ वर्षांपासून मुलं स्वतःला शेजारच्याशी ताडून बघायला लागतात. “मला हे जमतं” ही खात्री कमवायचं हे वय. सईला काय जमतं म्हणून सांगितलं जात होतं? वरच्या खिडकीपर्यंत हात पोचतो, एवढंच.

आधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पोटाची खात्री करून घेतल्याशिवाय ‘मनाचं आहे’ म्हणणं मला पटत नाही. पोटात काही निघालं नाही. छातीची वाढ नऊ वर्षांच्या आसपास सुरू झाली होती. मुलींमध्ये ती ८ ते १३ या वयात कधीही सुरू होऊ शकते, त्यामुळे सई लवकरच्या बाजूला होती, पण चौकटीतच होती. मुलीच्या बाबतीत ८ च्या आधी किंवा मुलाच्या बाबतीत ९ च्या आधी असे बदल दिसले, तर मात्र थांबू नये, डॉक्टरांना दाखवावंच. आईला आणखी एक धसका होता: पाळी आली की उंची तिथेच थांबते. तसं होत नाही. वाढीचा वेग तोवर ओसरलेला असतो हे खरं, पण पाळी सुरू झाल्यावरही बहुतेक मुली आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढतात.

दुसऱ्या भेटीत मी एकट्या आईशी बोलले. विचारलं, “सई तुमच्या मांडीवर शेवटची कधी झोपली होती?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मागच्या दिवाळीत. तेल लावताना.” आणि रडल्या. धाकटा रोज कुशीत असतो. सई जवळ आली की “उष्णता होतेय, सरक” असं तोंडून निघतं. मुद्दाम कोणी करत नाही हे. लेकीचं शरीर बाईचं व्हायला लागलं की आपलेच हात संकोचतात, आणि लेकीला एवढंच कळतं, की आपण नकोशा झालो.

स्वेटरचं कारण तर अगदी साधं होतं. आतून घालायच्या कपड्यांबद्दल तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. वर्गातली दोन मुलं तिला ‘काकू’ म्हणत होती. कपड्यांचा विषय घरी कसा काढायचा हे आईला सुचत नव्हतं, म्हणून माझ्याच खोलीत आम्ही एक वाक्य दोन-तीनदा म्हणून बघितलं: “सई, तुझं अंग बदलतंय, माझंही असंच बदललं होतं, चल आपण दुकानात जाऊ.” पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटेना. पाळी म्हणजे काय, पॅड कसं लावायचं, शाळेत असताना आली तर कोणत्या बाईंना सांगायचं, हेही त्याच आठवड्यात घरी बोलून झालं. पाळी येण्याआधी हे बोलणं झालेलं असेल, तर मूल घाबरत नाही.

तिला खाली खेळायला पाठवणं आजींनी बंद केलं होतं. त्यांना मी जुनाट म्हणणार नाही. दहा वर्षांची मुलगी मोठी दिसते तेव्हा नको त्या नजरा येतात, ही भीती खोटी नाही. पण घरात कोंडल्यानं नजरा बदलत नाहीत, तिचं खेळणं तेवढं जातं, आणि या वयात मैत्री खेळातच होते. ठरलं असं, की संध्याकाळी आजी स्वतः खाली बाकावर बसतील. नको असलेल्या स्पर्शाबद्दल आणि नजरेबद्दल आई तिच्याशी सरळ बोलेल, आणि काहीही झालं तरी आधी तिचं ऐकून घेतलं जाईल, प्रश्न नंतर. ‘घोडी’ हा शब्द घरातून गेला. आजींची जीभ पुढेही घसरायची, मग त्याच जीभ चावायच्या.

शाळेच्या बाबतीत मी वर्गशिक्षिकांशी फोनवर बोलले, सईला विचारूनच. बाईंनी तिला भिंतीकडेच्या ओळीत दुसऱ्या बाकावर आणलं, मागच्यांना फळाही दिसत होता. ‘काकू’ म्हणणाऱ्यांना वर्गासमोर न ओरडता बाजूला घेऊन समजावलं. त्यातल्या एकानं ऐकलं, दुसऱ्याला दोनदा सांगावं लागलं. जिजाऊची भूमिका काढून घ्यायला बाई सुरुवातीला राजी नव्हत्या, “शोभते तिला” म्हणाल्या. मी फक्त सईचं वाक्य त्यांना ऐकवलं. आठवड्यानं निरोप आला: यंदा सई मावळा.

पोटदुखी लगेच गेली नाही. दिवाळीनंतर ती आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली, जानेवारीत कधीतरी थांबली. दार अजूनही आपटतं, आणि ते काही वर्षं आपटणारच आहे. परीक्षेच्या दिवसांत स्वेटरही परत अंगावर यायचा. आईनं तो काढायला सांगितला नाही, हे मला फार आवडलं.

सई सहावीत गेल्यावर श्रावणात तिच्या आईचा फोन आला. पाळी आली होती, मधल्या सुट्टीत. सईनं ठरलेल्या बाईंना सांगितलं, दप्तराच्या छोट्या कप्प्यातलं पॅड काढलं, उरलेले तास बसून मगच घरी आली. आल्यावर पहिला प्रश्न: “आता मी लंगडी खेळायची नाही का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काही म्हणायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, पोटात दुखत नसेल तर चल, मी बाकावर बसते.”