छताचे कर्ज आणि बागेच्या विम्यातील कोरा रकाना

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचे पत्र आले आहे. गारपिटीत त्यांच्या घराचे आणि पॅकिंग शेडचे सिमेंटचे पत्रे फुटले. आता साडेपाच लाखांचे ‘चौथ्या श्रेणीचे गारपीटरोधक’ पत्रे घ्यावेत की तीन लाखांत होणारे साधे रंगीत पोलादी, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी 14 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढून ते येत्या हंगामाच्या पैशांतून एकरकमी फेडण्याचा त्यांचा विचार आहे.

यूएल 2218 या अमेरिकी चाचणीत चौथी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी देताना दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. नमुना फाटला नाही किंवा त्याला तडा गेला नाही, तर तो उत्तीर्ण होतो. पोचा पडलेला चालतो. नमुना कोरा असतो, त्यामुळे दहा उन्हाळे सोसलेल्या पत्र्याविषयी ही श्रेणी काहीच सांगत नाही. चांगल्या जाडीच्या पोलादी पत्र्यालाही गारांनी बहुधा पोचा पडतो, तो फुटत नाही. एका शब्दासाठी अडीच लाख जादा मोजू नयेत.

मला खरी काळजी वाटते ती आपण जोडलेल्या पावतीची. ‘बागेचा विमा दरवर्षी असतोच’ असे आपण लिहिता, परंतु पावतीवर गारपिटीच्या अतिरिक्त संरक्षणाचा रकाना कोरा आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत गारपिटीचा हप्ता वेगळा भरावा लागतो, आणि ही गोष्ट अर्ज भरून देणाऱ्याने आपल्याला सांगायलाच हवी होती. म्हणजे गारा पडल्याच, तर छत वाचेल, पण ज्या घडांवर कर्जफेड अवलंबून आहे तेच जातील, आणि मग साडेपाच लाखांना पाच वर्षे महिना सुमारे 12,800 रुपये, म्हणजे एकूण 7.7 लाख भरावे लागतील. एकरकमी फेडीची आशा हे नियोजन नव्हे.

आपली दोन लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांवर आहे. ती मोडून घराचे छत पोलादी पत्र्याने आता करावे, शेडचे फक्त फुटलेले पत्रे बदलावेत आणि उरलेले काम माल विकल्यावर घ्यावे. द्राक्षाच्या विम्याचा अर्ज भरण्याची मुदत साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास संपते, तेव्हा छाटणीच्या गडबडीत न अडकता गारपिटीचा हप्ता आधी भरावा. नुकसान झाल्यास 72 तासांत सूचना द्यावी लागते, हे घरातील सर्वांना माहीत असू द्यावे. घर आणि शेड यांच्या विम्यात गारपीट धरली आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.