७८ टक्के खरे, पण किती वर्षांत?

मुलीला बारावीनंतर अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या बीएसला पाठवायचंय, आणि कन्सल्टंटने दाखवलेला ‘ग्रॅज्युएशन रेट ७८ टक्के’ (म्हणजे आलेल्यांपैकी इतकी मुलं पदवी घेऊन बाहेर पडली) कितपत धरायचा, असं तुम्ही विचारलंय. आकडा बहुधा खराच असेल, फक्त तो सहा वर्षांचा असणार.

अमेरिकी सरकारच्या आर्थिक मदत योजनांत असलेल्या कॉलेजांना १९९० च्या ‘स्टुडंट राइट-टू-नो’ कायद्याने हा दर जाहीर करावा लागतो. तो मोजतात नेहमीच्या मुदतीच्या दीडपट काळावर: चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला तीन. तुमचं बजेट मात्र चारच वर्षांचं. पाचव्या वर्षाची फी, घरभाडं, विमा सगळं तुमच्याच खिशातून. शिवाय आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो मुदतीचा फॉर्म) संपायच्या आत वाढवून घ्यावा लागतो, आणि अकॅडमिक प्रोबेशनमुळे (कमी गुणांमुळे कॉलेजने दिलेल्या ताकिदीमुळे) उशीर झाला असेल तर ते कारण चालत नाही.

म्हणून ‘कॉलेज नेव्हिगेटर’ या सरकारी साइटवर कॉलेजचं नाव टाका, ‘रिटेन्शन अँड ग्रॅज्युएशन रेट्स’ उघडा आणि आधी चार वर्षांचा दर बघा. चार आणि सहा वर्षांच्या दरांत मोठी दरी असेल तर कारण विचाराच. कधी हवे ते कोर्स वेळेवर मिळत नाहीत, कधी मुलं मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलतात. ड्रेक्सेलसारख्या ठिकाणी को-ऑप (अभ्यासक्रमाचाच भाग असलेली काही महिन्यांची नोकरी) धरून अभ्यासक्रमच पाच वर्षांचा असू शकतो. तिथे चार वर्षांचा दर कमी दिसला तर बिचकू नका. खाली वंशगटांच्या तक्त्यात ‘नॉन-रेसिडेंट’, म्हणजे व्हिसावर आलेल्या परदेशी मुलांची, ओळ असते, ती तुमच्या कामाची. पण त्या गटात दहा-बाराच मुलं असतील तर एक-दोघांनी टक्केवारी पार बदलते.

मोजणीत कोण येतं, हेही तिथेच कळतं. दर फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पूर्णवेळ मुलांचा असतो. आलेल्यांपैकी किती टक्के मोजले, तेही दिलेलं असतं. मुंबईत एक वर्ष करून क्रेडिट घेऊन जाणारी मुलगी यात नाही. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात जानेवारीत प्रवेश घेणारेही बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि जानेवारीची ऑफर आग्रहाने देणाऱ्या कॉलेजांबाबत हे लक्षात ठेवलेलं बरं. उलट, दुसऱ्या कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला विद्यार्थी मूळ कॉलेजच्या दरात नापासासारखाच धरला जातो, म्हणून बदलीचा दर (किती मुलं दुसऱ्या कॉलेजात गेली) दिलेला असेल तर तो शेजारी ठेवून वाचा. आणि आज दिसणारा आकडा निदान सहा वर्षांपूर्वी आलेल्या बॅचचा आहे.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हा दर अख्ख्या कॉलेजचा असतो, विभागाचा नाही. प्रवेशाची चौकशी केली की तुमची मुलगी कायद्याच्या भाषेत ‘प्रॉस्पेक्टिव्ह स्टुडंट’ होते आणि कॉलेजचा दर मागायचा तिला हक्क मिळतो. विभागाचा आकडा देणं बंधनकारक नाही, तरी विचारा: कॉम्प्युटर सायन्समध्ये आलेल्यांपैकी कितीजण त्याच विषयात चार वर्षांत बाहेर पडले? मेल मुलीच्या नावाने जाऊ द्या, आणि जागा पक्की करायचं डिपॉझिट भरण्याआधी. बहुतेक ठिकाणी ती तारीख १ मे असते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच लिहा.

एमएससारख्या पदव्युत्तर पदवीसाठी मात्र यातलं काही कामाचं नाही. हा दर फक्त पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा. तिथे थेट विभागाच्या ग्रॅज्युएट ऑफिसलाच विचारायचं.