सायकॉलॉजीची डिग्री निवडताय? आधी जर्नल बघायला मागा

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या मुलीला सायकॉलॉजीतच डिग्री करायचीय आणि दोन युनिव्हर्सिट्यांमध्ये तिला ॲडमिशन मिळतेय. एकीचं नाव मोठं, रँकिंग वरचं, फॉरेन्सिक, स्पोर्ट्स, क्रिमिनल असे एकसे एक पेपर आहेत. दुसरी फारशी कुणाला माहीत नाही, पण तिथे पहिल्या वर्षापासूनच स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्स आहे. मुलगी अर्थातच पहिलीकडे ओढली जातेय. मी अकाउंट्समधला माणूस, मला यातलं काही कळत नाही. नेमकं बघायचं काय?

उत्तर : नमस्कार. तुम्ही अकाउंट्समधले आहात ना, मग हे तुम्हालाच सगळ्यात चांगलं जमेल बघा. एखाद्या धंद्याची तब्येत कशी आहे हे तुम्ही त्याच्या जाहिरातीवरून ठरवत नाही, खातेवही आणि व्हाउचर मागता. इथेही तेच करायचं. सायकॉलॉजीच्या डिपार्टमेंटचं व्हाउचर म्हणजे मुलांचं प्रॅक्टिकलचं जर्नल आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. दोन्ही युनिव्हर्सिट्यांना सरळ विचारा, मागच्या बॅचची चार-पाच जर्नल्स बघायला मिळतील का म्हणून. जिथे आनंदाने काढून देतात तिथे निम्मं काम झालं.

बघायचं काय ते सांगते. बऱ्याच ठिकाणी आरशातल्या ताऱ्याचा प्रयोग असतो. कागदावर दुहेरी रेघेचा तारा असतो, हात पुठ्ठ्याआड झाकलेला, आणि समोरच्या आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं पण कोपरा आला की हात हट्टाने उलटीकडेच जातो, रेघेच्या बाहेर वेडीवाकडी वळवळ होते. दर फेरीला लागलेली सेकंदं आणि चुका लिहायच्या, सरावाने दोन्ही कमी होत जातात. आता जर्नल उघडा. वर्गातल्या सगळ्यांचे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एका चालीत उतरलेले दिसले तर तिथे प्रयोग झालेला नाही, मागच्या बॅचच्या वहीतून उतरवून घेतलंय. खऱ्या माणसाचे आकडे असे नसतात हो, चौथ्या फेरीत मध्येच वेळ वाढतो, कुणी कंटाळतं, कुणाचं लक्ष बाहेरच्या आवाजाकडे जातं, आणि चांगल्या जर्नलमध्ये चर्चा या मथळ्याखाली मुलाने हे सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं. नुसता पुस्तकातला परिच्छेद असेल तर शिकवणारे जर्नल उघडून वाचत नाहीत एवढं नक्की समजा.

हे मी इतकं धरून का बसलेय तर माझं स्वतःचं तसं झालं. माझ्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं सीनिअर्सची जर्नल्स उतरवली, मार्कही छान पडले. पुढे एमएला पहिल्यांदा स्वतः माणसं समोर बसवून रीडिंग्ज घेतली तर ती थिअरीच्या उलट आली, आणि मला वाटलं माझंच चुकलं. रात्री बसून मी दोन आकडे बदलले. उलट आलेला निकाल हाही निकालच असतो हे तोपर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते दोन आकडे मला आजही टोचतात.

आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, आख्ख्या विषयाचा आहे. 2015 मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून नावाजलेल्या संशोधन-नियतकालिकांमधले 100 अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निकाल ठोस आला होता, पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच आला. म्हणजे पाठ्यपुस्तकात छापलंय म्हणून खरं असं या विषयात धरून चालता येत नाही, ते तपासायचं कसं हे शिकवणारी डिग्रीच कामाची. म्हणून ओपन डेला, म्हणजे डिपार्टमेंट बघायला बोलावतात त्या दिवशी, कुणी प्राध्यापक भेटले तर एकच प्रश्न विचारा, 1971 चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, कॉलेजच्या मुलांना खोट्या तुरुंगात कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं तो, तुम्ही कसा शिकवता? साधी मुलं पहारेकरी झाली आणि आपोआप क्रूर झाली एवढंच उत्तर आलं तर शिकवणं जुन्या नोट्सवर चाललंय. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना दिल्या गेल्याचं नंतर जुन्या रेकॉर्डिंग्जमधून समोर आलं, हे जे स्वतःहून सांगतील त्यांच्याकडे मुलीला बिनधास्त पाठवा.

हो, ताऱ्याचा प्रयोग का करायचा हेही मुलांना विचारून बघा. एच. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटची गोष्ट कुणी सांगितली तर मला फार आनंद होईल. 1953 मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर नवीन आठवणी बनणंच बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या सायकॉलॉजिस्टबाईंनी त्याला तीन दिवस हाच तारा काढायला लावला. त्याला रोज वाटायचं हे मी पहिल्यांदाच करतोय, तरी हात मात्र सुधारत गेला! आठवण एकच नसते, हाताची वेगळी आणि प्रसंगांची वेगळी, हे कळायला या कागदाने मदत केली. जिथे हा दुवा जोडून शिकवतात तिथे प्रॅक्टिकल म्हणजे फक्त वीस मार्कांची औपचारिकता राहत नाही.

आता मुलीच्या ओढीबद्दल. तिला फॉरेन्सिक, म्हणजे गुन्हे आणि कोर्टाशी जोडलेली सायकॉलॉजी, आवडतंय तर ती आवड मोडू नका, पण तिला 1974 चा लॉफ्टस आणि पामर या संशोधकांचा प्रयोग दाखवा. अपघाताच्या फिल्म दाखवून विचारलं, गाड्यांचा वेग किती होता? प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरदार शब्द होता त्यांनी सरासरी 40.8 मैल सांगितला, नुसता ‘टेकल्या’ असा शब्द होता त्यांनी 31.8. फिल्म त्याच, बदललं फक्त प्रश्नातलं क्रियापद. साक्षीदाराचं किती खरं मानायचं हा फॉरेन्सिकचा गाभा, आणि तो हातात यायला मेमरी हवी, प्रयोगाची मांडणी हवी, सरासरीतला फरक खरा की योगायोग हे ठरवणारं स्टॅटिस्टिक्स हवं. पायाचे पेपर नीट असून वर फॉरेन्सिक असेल तर उत्तमच, पण मेथड्सचा एकच पेपर आणि वर दहा आकर्षक नावं असं असेल तर मी तरी नाही म्हणेन.

रँकिंग फार मनावर घेऊ नका, ते बहुतेक वेळा आख्ख्या युनिव्हर्सिटीचं असतं आणि त्यात संशोधनाचे पेपर, नावलौकिक यालाच जास्त वजन असतं. त्यापेक्षा कायमचे शिक्षक किती आणि तासापुरते येणारे किती ते विचारा, आणि सगळेच क्लिनिकलवाले, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारे, आहेत का तेही, कारण मग कॉग्निटिव्ह (विचार, स्मरण), सोशल (समाजातलं वागणं), डेव्हलपमेंटल (वाढीचे टप्पे) हे विषय उरकले जातात. एका गाईडकडे प्रोजेक्टला किती मुलं हेही विचारा. आणि प्रोजेक्टच्या मागे संमतीपत्राचा नमुना जोडलाय का ते बघा, माणसांवर अभ्यास करताना त्यांची परवानगी घ्यायची, मध्येच थांबायचा हक्क द्यायचा, ही सवय डिग्रीतच लागायला हवी. मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही मागून घ्या. सगळीकडे व्याख्या लिहा, टीपा लिहा असेल तर समजून जा, आणि एखादा अभ्यास देऊन यात चूक कुठे आहे असा एक जरी प्रश्न दिसला तर ती युनिव्हर्सिटी तुमच्या यादीत वर जाऊ द्या, नाव कुणाला माहीत असो नसो.

प्रश्न : ताई, मी फर्स्ट इयरला आहे. माणसं समजून घ्यायची म्हणून सायकॉलॉजी घेतलं आणि इथे स्टॅटिस्टिक्सने जीव नकोसा केलाय. डिपार्टमेंट चांगलं नाही म्हणून असं होतंय का? सोडू का?

उत्तर : अगं, लगेच सोडू नकोस. स्टॅटिस्टिक्स आहे ही डिपार्टमेंटची जमेची बाजू आहे, ते कसं शिकवतात ते बघ. फळ्यावर फॉर्म्युले आणि हातांनी आकडेमोड एवढंच असेल तर कुणालाही नकोसं होईल. जमोवी नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाकून घे आणि तुमच्या वर्गाचीच कुठल्याही प्रयोगाची रीडिंग्ज त्यात भर. आपण स्वतः गोळा केलेल्या आकड्यांचा आलेख समोर आला ना की त्यामागे माणसंच दिसायला लागतात, हा एवढा वेळ कुणाला लागला, ही का घाबरली. सरांकडेही जा, वर्गाचा डेटा वापरून शिकवा म्हणून चार जणींनी मिळून सांगा. एक आख्खं सेमिस्टर असं करून बघ आणि मग मला परत लिही.

प्रश्न : बीए सायकॉलॉजी झाल्यावर लगेच काउन्सेलिंगची प्रॅक्टिस सुरू करता येते असं एका जाहिरातीत वाचलं, डिग्रीला एपीएची मान्यता आहे असंही लिहिलंय. खरं आहे का?

उत्तर : तिथे पैसे भरू नका. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, बीएच्या पातळीवर मान्यता देतच नाही. ब्रिटनमध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी पदवीच्या कोर्सना मान्यता देते, पण तीही पुढच्या शिक्षणाचं दार उघडते, पेशंट बघायची परवानगी देत नाही. सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला बहुतेक देशांत पुढचं शिक्षण, देखरेखीखालचं ट्रेनिंग आणि लायसन्स किंवा नोंदणी लागते. तुम्हाला ज्या देशात काम करायचंय तिथल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेची मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी स्वतः बघा, आणि जाहिरातीतली युनिव्हर्सिटी त्यात नसेल तर त्यांच्याकडून लेखी खुलासा मागा.