घरच्या बारसाठी जुन्या बिअरच्या वस्तू

प्रश्न: घरात छोटा बार केलाय, तिथे जुने बिअर कॅन, कोस्टर (ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या), पत्र्याच्या पाट्या लावायच्यात. खरं जुनं कसं ओळखायचं आणि सुरुवात कशाने करू?

उत्तर: सुरुवात कोस्टरने करा, जागा कमी लागते, आणि १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट स्पूटने लाकडाच्या लगद्याच्या कोस्टरचं पेटंट घेतलं तेव्हापासूनचा हा प्रकार आहे, त्यामुळे व्हरायटी भरपूर. कॅन मात्र मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात! पहिला बिअर कॅन जानेवारी १९३५ मध्ये अमेरिकेत रिचमंडला विकायला आला, क्रूगर कंपनीचा, तो सपाट डोक्याचा होता आणि वेगळ्या ओपनरने भोक पाडावं लागायचं. ओढून काढायची रिंग आली १९६० च्या दशकात, म्हणजे कोणी रिंगवाला कॅन १९४० चा म्हणून विकत असेल तर सरळ नाही म्हणा. बारकोड दिसला तरी तेच, तो १९७४ नंतरचा.

एनॅमलच्या, म्हणजे काचेसारखा रंगीत लेप भाजून बसवलेल्या पत्र्याच्या पाट्यांमध्ये नकली माल खूप आहे. बोट फिरवून बघा, जुन्या पाटीत बऱ्याचदा रंगांचे थर हाताला लागतात, स्क्रूच्या भोकांजवळ टवके आणि गंज असतो. सगळीकडे एकसारखा, ठरवून केल्यासारखा गंज दिसला की मला तरी शंका येतेच.

आणि प्लीज, काहीही घासून चकचकीत करू नका, मऊ कोरडं फडकं पुरे. कागदी लेबलं नि कोस्टर उन्हापासून आणि बारच्या सिंकपासून लांब ठेवा, ओल लागली की फुगतात.