लकोटा (उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले एक आदिवासी लोक) स्त्रियांच्या जुन्या पोशाखांवरचे काचमणी त्या स्वतः बनवत का?
नाही, मणी व्यापारातून यायचे. व्हेनिस आणि बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) घडलेले हे बारीक काचमणी व्यापाऱ्यांकडून मिळत, बदल्यात मुख्यतः बायसनची (अमेरिकेतल्या रानगव्यासारख्या जनावराची) कातडी जायची. पण कलाकुसर सगळी लकोटा बायकांची! १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्या कातड्याच्या पोशाखाचा खांद्याछातीचा भाग बहुधा निळ्या मण्यांनी गच्च भरत. शिवायला जनावराच्या कंडरेचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्टीचे, तंतू. एवढ्या मण्यांनी पोशाख चांगलाच जड होई. छातीच्या मधोमध खाली दिसणारा अर्धगोल म्हणजे कासव, स्त्रीचं रक्षण करणारं. मला तोच भाग सर्वांत सुंदर वाटतो. इंग्लंडहून येणारं गडद निळं लोकरी कापडही त्या वापरत. त्याची न रंगलेली पांढरी किनार कापून न टाकता मुद्दाम दिसेल अशी ठेवत.