क्लास गेला, नाव राहिलं

शिरोली एमआयडीसीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या एका तरुण मित्राने विचारलं आहे : "आपण प्रोग्राममधला एखादा क्लास डिलीट करतो, पण बाकीच्या कोडमध्ये त्याचे रेफरन्स शिल्लक राहतात. ते कसे हुडकायचे यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'लोंबकळते संदर्भ' म्हणू की 'अनाथ संदर्भ'?" (क्लास म्हणजे प्रोग्राममधला साचा. त्यावरून प्रोग्राम चालू असताना मेमरीत वस्तू घडतात.)

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत, आणि आधी 'संदर्भ' हा शब्दच बाजूला ठेवावा. "संदर्भ सोडून बोलू नका" म्हणतो तेव्हा आपल्याला बोलण्याचा मागचापुढचा धागा अभिप्रेत असतो. कोडमध्ये तसं काही नसतं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि इंग्रजीत दोन्हींना रेफरन्सच म्हणतात. एक, क्लासचं नाव कुठेतरी लिहिलेलं असणं. दुसरी, चालू प्रोग्रामने मेमरीतली वस्तू धरून ठेवलेली असणं. पहिल्याला मी 'उल्लेख' म्हणेन, दुसऱ्याला 'पकड'. मुलांना हा भेद पहिल्याच पानावर सांगा, कारण शोधायची पद्धत त्यावरच ठरते.

आमच्याच एका कामातलं सांगतो. वजनकाट्याच्या पावतीसाठी जावामध्ये 'काटास्लिप' नावाचा क्लास होता. तो काढला, कंपायलरने, म्हणजे कोड तपासून तो चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामने, जिथे जिथे तक्रार केली तिथे दुरुस्ती केली, सगळं बिनतक्रार तयार झालं. संध्याकाळी रिपोर्ट काढायला गेलो तर 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन', म्हणजे 'क्लास सापडत नाही'. नाव सेटिंगच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये साध्या मजकुरासारखं बसलं होतं आणि प्रोग्राम चालू असताना त्या मजकुरावरून क्लास शोधत होता. कंपायलर ती फाइल वाचतच नाही, आणि अवतरणचिन्हांतलं नाव त्याच्या लेखी नुसती अक्षरं. मग नाव टाकून अख्खा प्रोजेक्ट चाळला, सेटिंगच्या फाइलींसकट. हा उल्लेखांचा शोध.

पकडीचा शोध स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेत फार चांगला दिसतो. स्क्वीक किंवा फारो या तिच्या अवतारांमध्ये क्लास काढला आणि त्याच्या वस्तू अजून जिवंत असल्या, तर तो क्लास लगेच नाहीसा होत नाही. त्याच्या नावाआधी 'ॲनऑब्सोलीट' (कालबाह्य) लागतं आणि कुणीतरी धरून ठेवलंय तोवर तो तसाच राहतो. तिथे नुसतं नाव शोधून भागत नाही, "याला कोण धरून बसलंय?" हे विचारावं लागतं.

आता विशेषणाकडे. नाव मागे राहणं आपल्या कोल्हापूरला नवं नाही. कपिलतीर्थ मार्केटमध्ये तीर्थ उरलेलं नाही, भाजी मिळते. गंगावेशीत वेस नाही. पण ही नावं खुणेची आहेत, त्यांनी कुणाचं अडत नाही. कोडमधलं नाव हाक मारण्यासाठी असतं. ओ देणारा नसला की काम थांबतं. म्हणून मला जवळचं वाटतं ते सातबाराचं उदाहरण. खातेदार वारला तरी त्याचं नाव उताऱ्यावर राहतं, आणि कर्ज काढायला किंवा जमीन विकायला गेलं की तिथे गाडी अडते. २०२५ साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती याचसाठी.

या व्यवहाराची भाषा गावोगाव तयार आहे. 'मयत' हा मूळचा अरबी शब्द, पण चावडीत इतका मुरलेला की परका वाटत नाही. मयताचं नाव 'कमी करतात', कुणी 'नावाला कंस केला' म्हणतं. वारसांची नोंद ६-क च्या नोंदवहीत होते आणि फेरफार नमुना ६ मध्ये. तेव्हा काढलेला क्लास तो 'मयत क्लास', आणि तुमच्या टिपणाचा विषय 'मयत क्लासचे उल्लेख'. पुढचं तर आयतंच मिळतं. उल्लेख नुसता पुसायचा असेल तर 'नाव कमी करणे', त्या जागी नवा क्लास आणायचा असेल तर 'वारस लावणे'. या दोन दुरुस्त्यांना इतके नेमके शब्द मला इंग्रजीत सापडत नाहीत.

तुमचे शब्द वाया जाणार नाहीत. 'लोंबकळता' सी प्लस प्लससाठी ठेवा. तिथे वस्तूची मेमरी मोकळी केली तरी पॉइंटर, म्हणजे वस्तूचा पत्ता ठेवणारा, जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. क्लास तिथे शाबूत असतो, गेलेली असते ती वस्तू. 'अनाथ' ज्याचा वरचा क्लास, म्हणजे तो ज्यावर बेतला तो, काढून टाकलाय अशा खालच्या क्लासला शोभेल, आणि त्यालाही मी 'पोरका' म्हणेन. एका स्नेह्याने 'खोडवा', म्हणजे ऊस तोडल्यावर बुडख्यातून फुटणारं पीक, हा शब्द सुचवला, पण तो शेतकऱ्याने मुद्दाम राखलेला असतो आणि त्याला ऊस येतो. इथे काहीच राखायचं नाही.

टिपणातलं वाक्य असं होईल : "काटास्लिप हा क्लास मयत, त्याचे उल्लेख सगळ्या फाइलींत शोधून नाव कमी करावं, रिपोर्टमध्ये नव्या पावतीचा वारस लावावा."