स्टॉकवेलचा अर्धा तास

प्रश्न असा आहे: २००५ साली लंडनच्या पोलिसांनी स्टॉकवेल स्टेशनात एका निरपराध माणसाला मारलं, मग शिक्षा कुणालाच कशी नाही? खाली दोघांनी लिहिलंय की आत्मघातकी हल्ल्याची भीती असताना पोलिसाला एका क्षणात ठरवावं लागतं, घरी बसून बोलणं सोपं असतं.

या दोघांपासूनच सुरुवात करतो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर तिथूनच निघतं.

मी तेव्हा बालमला राहायचो आणि रोज भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनने स्टॉकवेलवरूनच जायचो. ७ जुलैला भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये झालेल्या आत्मघातकी स्फोटांत ५२ माणसं मेली होती. २१ जुलैला पुन्हा तीन गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्ब नेले गेले, ते नीट फुटले नाहीत आणि नेणारे चौघेही पळाले. त्या दिवसांत डब्यात शिरलं की समोरच्याची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर आणि मग पाठीवरच्या सॅकवर जायची. शेवटी मी सॅक घरी ठेवली आणि डबा प्लॅस्टिकच्या पिशवीतून न्यायला लागलो. तेव्हा भीती खोटी होती असं माझ्याकडून कुणी ऐकणार नाही. पोलिसांची भीतीसुद्धा खरीच होती.

आता २२ तारखेची सकाळ. न फुटलेल्या एका बॉम्बच्या बॅगेत जिमचं कार्ड सापडलं आणि त्यावरून हुसेन उस्मान या संशयिताचा पत्ता लागला: टल्स हिलमधला स्कोशिया रोड. पहाटेच वरिष्ठांनी ठरवलं होतं की इमारतीवर पाळत ठेवायची आणि बाहेर पडणाऱ्याला रस्त्यातच अडवायचं. त्यासाठी सशस्त्र तुकडी तिथे हजर हवी होती. ती वेळेवर पोचलीच नाही.

त्या इमारतीत अनेक फ्लॅट आणि बाहेर यायचं दार एकच. ९:३३ च्या सुमारास जाँ शार्ल द मेनेझेस त्या दारातून बाहेर पडला. आडनाव ऐकून गोव्याचा वाटेल, पण हा ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला, वय २७, धंद्याने इलेक्ट्रिशियन, कामावर निघालेला. गाडीत कॅमेरा घेऊन बसलेला पाळतीवरचा माणूस नेमका त्याच वेळी लघवी उरकत होता. त्यामुळे चित्रण नाही, आणि मुख्यालयात फोटोशी ताडून बघायलाही काही नाही.

तो बसमध्ये चढला. ब्रिक्सटनला उतरला, स्टेशन बंद दिसलं म्हणून परत त्याच बसमध्ये चढला. लंडनमध्ये राहिलेल्या कुणालाही यात काही वावगं वाटणार नाही. पाळतीवरच्यांना मात्र हा माग चुकवतोय असं वाटलं. ‘हा तोच असू शकेल’ असं रस्त्यावर बोललं गेलेलं स्कॉटलंड यार्डच्या कंट्रोल रूममध्ये पोचेपर्यंत ‘हा तोच’ असं झालं. गलका, रेडिओची खरखर, आणि खात्री कुणी केली हे विचारायला कुणाला उसंत नाही.

आता क्षणाच्या निर्णयाबद्दल. ज्याच्या अंगावर बॉम्ब असेल अशी शंका होती, त्याला पोलिसांनी बसमध्ये चढू दिलं. दोनदा. पंधरा दिवसांपूर्वी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बसमध्येच स्फोट झाला होता! तो खरंच उस्मान असता तर? घरापासून स्टॉकवेलपर्यंत अर्धा तास हातात होता, आणि पाळतीवरची माणसं पूर्ण वेळ त्याच्या मागे होती. ज्यांना हे प्रकरण पोलिसांच्या बाजूने मांडायचंय त्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

कारवाईची सूत्रं क्रेसिडा डिक यांच्याकडे होती. त्यांनी त्याला भुयारी गाडीत जाऊ न देता थांबवायला सांगितलं. मारायचा हुकूम आपण दिलाच नाही, असं त्यांचं नंतरचं म्हणणं. पण आत्मघातकी हल्लेखोरांसाठी लंडन पोलिसांनी ‘क्रॅटोस’ नावाची कार्यपद्धती आखलेली होती. छातीवर गोळी लागली तर स्फोटकं उडू शकतात आणि इशारा दिला तर त्याला कळ दाबायला वेळ मिळतो, म्हणून थेट डोक्यात गोळी. हे डोक्यात घेऊन जिना धावत उतरणाऱ्या माणसाला ‘थांबवा’ याचा अर्थ काय लागेल, ते तुम्हीच ठरवा.

डब्यात पाळतीवरच्याच एका पोलिसाने मेनेझेसला मिठी मारून दोन्ही हात दाबून धरले होते. त्या अवस्थेत त्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या गेल्या.

मग अफवा. जाडजूड कोट घातला होता, तिकिटाच्या गेटवरून उडी मारून पळाला, वगैरे. प्रत्यक्षात अंगात डेनिमचं पातळ जाकीट होतं. गेटला त्याने कार्ड लावलं आणि जाताना फुकटातला पेपरही उचलला. उडी मारून गेले ते मागून आलेले पोलीस. आजही मराठी व्हॉट्सॲपवर तो कोट फिरताना दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता शिक्षेचं. इंग्लंडच्या कायद्यात पोलिसाने बळ वापरलं तेव्हा त्याची समजूत प्रामाणिक होती का एवढं आधी बघतात. समजूत चुकीची असली तरी चालते, आणि ती असल्याचं धरून बळ प्रमाणात होतं का हे तपासतात. गोळी झाडणाऱ्या दोघांना समोर बॉम्बवालाच आहे असं खरंच वाटत होतं, कारण तसंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यामुळे त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांबद्दल मलाही फारसा राग नाही. वर बसलेल्यांपैकीही कुणावर व्यक्तिशः खटला नाही. झाला तो आयुक्तांच्या कार्यालयावर, आणि तोही कुठला, तर कारखान्यातल्या मशीनला जाळी नसली तर लागतो तो १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा! नोव्हेंबर २००७ मध्ये १,७५,००० पौंड दंड झाला, शिवाय खटल्याचा खर्च. म्हणजे सरकारी तिजोरीतून निघून सरकारी तिजोरीत.

२००८ च्या मृत्यूचौकशीत ‘बेकायदा हत्या’ हा पर्याय न्यायाधीशांनी ज्युरीला दिलाच नाही. उरलेल्या दोनांपैकी ‘कायदेशीर हत्या’ म्हणायला ज्युरीने नकार दिला आणि निष्कर्ष खुला ठेवला. ‘सशस्त्र पोलीस’ असं आपण ओरडलो होतो, हा एका पोलिसाचा दावा त्यांनी मानला नाही. २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १३ विरुद्ध ४ मतांनी ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला.

इथे कुणीतरी म्हणेल की आपल्याकडे याहून वेगळं काय होणार. तर ऐका. ३१ मार्च १९९७ ला दिल्लीत बाराखंबा रोडवर पोलिसांनी गुंडाची समजून भलत्याच गाडीवर गोळ्या झाडल्या, दोन व्यावसायिक मेले. दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्या जुन्या दंड संहितेत कलम ७९ चुकीच्या समजुतीला माफी देतं, पण ‘सद्भावना’ असेल तरच, आणि कलम ५२ सांगतं की पुरेशी काळजी घेतली नसेल तर ती सद्भावनाच नाही. नुसतं प्रामाणिकपणे वाटून भागत नाही. अर्थात दिल्लीत आधी गाडीतूनच गोळी आल्याचा बनावही पोलिसांनी रचला होता, त्यामुळे दोन्ही प्रकरणं एका तराजूत घालता येत नाहीत. शिवाय आपल्याकडे असा निकाल लागणं किती दुर्मीळ, ते मुंबईच्या वाचकांना मी सांगायला नको.

राहिले २१ जुलैचे चौघे. त्यातला एक बर्मिंगहॅममध्ये टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) वापरून पकडला, दोघे पश्चिम लंडनमधल्या फ्लॅटमधून अंतर्वस्त्रांवर बाहेर काढले आणि उस्मान रोममध्ये सापडला. चौघेही जिवंत. चौघांनाही २००७ मध्ये जन्मठेप झाली, किमान ४० वर्षांची. आणि २०१७ मध्ये क्रेसिडा डिक लंडनच्या पोलीस आयुक्त झाल्या.